काकांच्या नावावरची अकरा वर्षं

लालबागला एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर कामगारांचं जुनं वाचनालय आहे. मिल बंद पडली तेव्हा तिची हजेरीबुकं आणि कामगारांची कार्डं रद्दीत निघाली होती. कुणीतरी ती टेम्पोत घालून इथे आणून टाकली. कित्येक वर्षं ती कपाटांत, कपाटांवर आणि जागा संपल्यावर बाकांखाली पडून होती. आम्ही पाच-सहा जण दर रविवारी जमून ती स्कॅन करायचो. मी नोकरीत सर्व्हर सांभाळते, म्हणून यंत्राचं जे काही असेल ते माझ्याकडे. बाकीचं सगळं, म्हणजे गठ्ठे लावणं, अक्षर वाचून देणं, कुठली खूण कशाची ते सांगणं, हे एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे होतं. ते त्याच मिलच्या टाइम ऑफिसात टाइमकीपर होते. कामगार गेटातून आत आला की त्याच्या नावापुढे हजेरी मांडायची, हे त्यांनी तीसेक वर्षं केलं होतं. वय ऐंशीच्या पुढे, पांढरा लेंगा, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. सगळे त्यांना आजोबा म्हणायचे, मीही.

मी पहिल्या रविवारी गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?"

मी सांगितलं. मालवणाकडचं.

"राहायला?"

"काळाचौकी. बाबा ह्याच मिलमध्ये होते. साचाखात्यात."

साचाखातं म्हणजे जिथे माग चालतात ते. त्यांनी चष्मा काढला, लेंग्याला पुसला, परत घातला. "असं होय," म्हणाले. त्यानंतर माझ्या घरचं त्यांनी कधीच काही विचारलं नाही. कुठलं खातं आधी घ्यायचं हे तेच ठरवायचे, आणि साचाखात्याचे गठ्ठे दर वेळी मागे पडायचे. "ते शेवटी घेऊ. खराब झालेत," म्हणायचे. मी एकदा दोरी सोडून बघितली होती. खराब वगैरे काही नव्हते.

बाबांबद्दल आधी सांगायला हवं.

संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा दिवसा घरी आहेत हे मला नवीन होतं. पहिल्या पाळीच्या वेळेला ते उठायचे, दाढी करायचे, शर्ट घालायचे आणि गॅलरीत उभे राहायचे. भोंगा वाजायचा बंद झाला होता. तरी सातच्या सुमाराला ते मान जराशी उचलायचे, जणू ऐकू आलं. मला तेव्हा खरंच वाटायचं की मोठ्या माणसांना तो ऐकू येत असणार.

बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे काका, माझ्या जन्माआधी वारले होते. आमच्याच खोलीत. मला एवढंच ठाऊक होतं. काकी गावी एकटी राहायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात काकांचा फोटो नव्हता आणि आई त्यांचं नाव घ्यायची नाही, ते मी थोरले दीर म्हणून असेल असं धरून चालले होते.

संपाच्या पहिल्याच वर्षीच्या पितृपक्षातली गोष्ट. काकांचं पान होतं. आईने जमेल तेवढं केलं होतं, वडे, थोडी खीर, भोपळ्याची भाजी. बाबांनी पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. आम्ही तिघं कावळ्याची वाट बघत उभे. कावळे समोरच्या कौलांवर होते, पण येत नव्हते. बाबा पुटपुटत होते, काय ते मला कळलं नाही. तेवढ्यात खालून चौकातून कुणीतरी हाक मारली. काकांच्या नावाने. गिरणीत मारतात तशी, अर्धं नाव तोडून शेवट लांबवलेली.

"आलो रे, आलो!" बाबा वरूनच ओरडले आणि जिना उतरून गेलेसुद्धा.

आई पदर तोंडाशी धरून उभी होती. मी विचारलं, "आई, ते काकांना बोलवत होते ना?"

"मिलमध्ये बाबांना तसंच म्हणतात."

"का?"

"म्हणतात. चल खाली."

आम्ही उतरलो तेव्हा पान तसंच होतं. पुढे किती तरी दिवस मी गच्चीवर एकटी गेले नाही. काका वारले आणि बाबांना हाक मारली की तेच ओ देतात, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. कुणाला विचारायची सोय नव्हती.

संप कधी मिटला हे आमच्या घरात कुणाला सांगता येणार नाही. बाबांना परत घेतलं नाही. पुढे ते ठाकूरद्वारच्या एका इमारतीत लिफ्टमन झाले. तिथे रेशनकार्डावरचं, म्हणजे स्वतःचं नाव लागलं. तिथल्या बायका आईला सांगायच्या, "तुमच्या ह्यांना कमी ऐकू येतं का हो? चार हाका मारल्या तरी बघत नाहीत." आई म्हणायची, "साच्यांच्या आवाजाने झालंय." साचेवाल्यांचे कान जायचेच, त्यामुळे कुणाला खोटं वाटायचं नाही.

ते आजारी पडले तेव्हा परळला हॉस्पिटलात होते. शेवटच्या दिवसांत शुद्ध येऊन-जाऊन असायची. एका दुपारी सिस्टर त्यांच्या नावाने हाका मारत होती, गालावर थोपटत होती. काही नाही. मी मारली, "बाबा." काही नाही. मग आई उठली, त्यांच्या कानाशी वाकली आणि काकांचं नाव घेतलं. बाबांनी डोळे उघडले. "हां," म्हणाले.

सिस्टर म्हणाली, "हे काय, घरचं नाव का?" आईने मान हलवली. तिसऱ्या दिवशी ते गेले.

मग मी आईला बसवून विचारलं. तिने सांगितलं ते चार वाक्यांत. काका गेले. मिलमधली त्यांची जागा रिकामी झाली. बाबा त्यांच्या नावावर लागले आणि संपापर्यंत, अकरा वर्षं, त्याच नावावर राहिले. मिल बंद पडल्यावर बाकीच्यांसारखे थकबाकीचे, घराचे अर्ज भरायला ते गेले नाहीत. कुणाच्या नावाने भरायचे?

हे सगळं माहीत असूनही मी रविवारी त्या वाचनालयात का जायचे, ते मला नीट सांगता येत नाही. बाबा तिथे कुठेतरी सापडतील असं वाटायचं.

आमचा जुना कॉम्प्युटर त्या स्कॅनच्या ओझ्याखाली मेला. मग मिलच्याच आवारात उभ्या राहिलेल्या इमारतीतल्या एका कंपनीने एक जुना सर्व्हर दिला. दोन हमालांनी तो लाकडी जिन्याने वर आणला. कंपनीने आपल्या डिस्क काढून घेतल्या होत्या. आम्ही दोन नव्या घातल्या. मी म्हटलं, एक दुपार पुरेल.

तीन रविवार लागले.

सर्व्हर चालू केला की त्याची सिस्टीम लगेच सुरू होत नाही. आधी यंत्राचं स्वतःचं फर्मवेअर जागं होतं. हे डिस्कवर नसतं, आतल्या एका चिपमध्ये असतं. ते मेमरी मोजतं, डिस्क बघतं आणि मग कुणाच्या हातात यंत्र द्यायचं ते ठरवतं. त्यासाठी त्याच्याकडे एक यादी असते. ह्या सर्व्हरच्या यादीत कंपनीच्या जुन्या सिस्टीमचं नाव पहिलं होतं. ती सिस्टीम नव्हती, तिची डिस्कही नव्हती, पण फर्मवेअर दर वेळी तिलाच शोधायचं. पंखे घोंघावायचे, पडदा काळा, पाच-सात मिनिटं काही नाही. मग एक ओळ यायची की सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.

मी पेनड्राइव्हवरून नवी सिस्टीम टाकली. ती मधेच दोनदा थिजली, मग सुरुवातीच्या ओळीत एक सूचना जोडून पुढे ढकलली. सगळं व्यवस्थित पार पडलं. यंत्र बंद करून सुरू केलं. पुन्हा तेच, काळा पडदा आणि तीच ओळ. मी यादीतलं जुनं नाव पुसलं आणि आपल्या सिस्टीमचं घातलं. बंद केलं, सुरू केलं. माझं नाव गेलेलं, जुनं परत जागेवर.

दुसऱ्या रविवारी चिपचा सेल बदलला. यादी पुन्हा लिहिली. पुन्हा गेली. फर्मवेअरची नवी आवृत्ती टाकावी तर बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलचं काम कधीच थांबवलं होतं, आणि जुन्या आवृत्त्या फक्त करार असलेल्या गिऱ्हाइकांना मिळत. जुन्या पद्धतीने सुरू करायचा एक पर्याय होता, त्यात त्याला नव्या डिस्कच दिसेनात. मी त्या दिवशी खरंच वैतागले होते. पुसलेलं नाव पडद्यावर परत उमटलं की अंगावर शहारा यायचा, आणि असं वाटण्याचं हसूही यायचं. रोज हेच काम करणारी बाई मी.

तिसऱ्या रविवारी दुपारी बाकीचे जेवायला गेले होते. आजोबा खुर्ची ओढून शेजारी बसले.

"काय म्हणतंय?"

"जुन्या सिस्टीमला सोडत नाहीये, आजोबा. ती डिस्क गेली, तरी तिचं नाव ह्याच्या चिपमध्ये कोरलेलं आहे. मी पुसते, हे परत लिहितं. आपल्या सिस्टीमचं नाव नोंदवूनच घेत नाही."

"मग आता?"

"आता नोंदवायच्या भानगडीतच पडत नाही. हे शोधतं म्हणजे काय करतं, तर डिस्कवर एका ठरलेल्या फोल्डरमध्ये एका ठरलेल्या नावाची फाइल बघतं. मी तसाच फोल्डर करते. आपली फाइल त्यात ठेवते आणि तिला त्या जुन्या फाइलचं नाव देते. आत काय आहे ते हे बघत नाही, नाव जुळलं की झालं."

मी फोल्डर केला, फाइल कॉपी केली, नाव बदललं. यंत्र बंद करून सुरू केलं. पंखे घोंघावले. या वेळी पाच मिनिटं थांबावं लागलं नाही. आमची सिस्टीम ओळीमागून ओळ टाकत उठली.

मी टाळी वाजवली. आजोबा पडद्याकडे बघत होते.

"बदली लावलीस," ते म्हणाले.

मला हसू आलं, मग थांबलं. गिरणीत गैरहजर कामगाराच्या जागी जो लागायचा त्याला बदली म्हणायचे.

"मुली," ते म्हणाले, "तू कुणाची ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुझ्या वडिलांना त्या नावावर घेणारा मी."

ते हळूहळू, थांबत थांबत सांगत राहिले.

"तुझे काका तापाने गेले. तीन दिवस कामावर नव्हते. चौथ्या दिवशी पहिल्या पाळीला गेटवर दिसले. मी ओरडलो, कुठे होतास रे तीन दिवस? तर तो रडायला लागला. मग लक्षात आलं, हा दुसरा आहे. धाकटा. गावाहून येऊन पंधरा दिवस झाले होते त्याला. भाऊ गेला हे सांगायला आला होता. इतके सारखे दिसायचे दोघं."

"मग?"

"मुकादम म्हणाला, साचा रिकामा राहून चालणार नाही. नवीन नाव चढवायचं तर वर विचारावं लागेल, वर्ष जाईल. हाच येऊ दे उद्यापासून, नाव तेच राहू दे. मी म्हटलं, राहू दे. तीन दिवसांची गैरहजेरी होती ती मी भरून काढली. म्हणजे ज्या दिवशी तुझे काका गेले त्या दिवशीही ते कामावर हजर आहेत. माझं अक्षर आहे ते."

खाली रस्त्यावर कुणीतरी मांडवाचे बांबू उतरवत होतं, त्याचा आवाज येत होता.

"पहिले काही महिने मी वर बघायचो नाही," ते म्हणाले. "तो समोरून जायचा, मी मान खाली घालून खूण करायचो. रोज सकाळी मेलेल्या माणसापुढे हजर लिहायचं. मग सवय झाली. पुढे तर असं झालं की कोण गेला आणि कोण राहिला तेच मला धड आठवेना. माझ्या मुलीच्या लग्नाला आला होता तुझा बाप, आणि मी पाहुण्यांना ओळख करून दिली ती काकांच्या नावाने. तो हसला नाही. नमस्कार केला."

साचाखात्याचे गठ्ठे मी मधे गावी गेले होते तेव्हा बाकीच्यांनी स्कॅन करून टाकले होते. आजोबांना त्यांना थांबवता आलं नव्हतं. मी मेलेल्या कॉम्प्युटरची डिस्क काढून तिच्यावरचा सगळा साठा सर्व्हरवर चढवला. शोधायच्या चौकटीत पहिल्यांदा बाबांचं नाव टाइप केलं, माहीत असून. शून्य नोंदी. मग काकांचं टाकलं. एकच नोंद आली. नाव, गाव, खातं, नंबर. शेजारी कार्डाचा फोटो.

"फोटो तुझ्या वडिलांचा आहे," आजोबा म्हणाले. "तपासणीला लोक यायचे, म्हणून मी बदलून घेतला होता."

पडद्यावर बाबा होते. तरुण, केस तेल लावून मागे वळवलेले, डावा कान जरासा पुढे आलेला, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. बाबांचा इतक्या कमी वयाचा फोटो मी कधी पाहिला नव्हता. मी तो प्रिंट केला आणि घरी नेला.

आईने तो खिडकीशी धरला. बराच वेळ बघितला. मग मला परत दिला.

"हे तुझे बाबा न्हय."

"आई, टाइमकीपर स्वतः सांगतायत."

"त्यांका काय म्हायत? तुझे बाबा लहान असताना आंब्यावरून पडले होते. भुवई फाटली होती. ही बघ, ह्याची भुवई आखी आसा."

मी बघितलं. भुवई अखंड होती. बाबांच्या भुवईवरचा तो व्रण मी जन्मभर बघितला होता. आजारपणात त्यांचा चेहरा मीच पुसायचे. आणि कार्डावर तो नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मग हे काका?"

"मी भावजींना कधी बघितलेलंच नाही गो. माझं लग्न ते गेल्यानंतरचं." ती फोटोकडे न बघता म्हणाली, "काकीलाच विचारायला हवं."

आजोबांना मी पुढच्या रविवारी सांगितलं. ते म्हणाले, "मी बदलला होता. मला पक्कं आठवतंय." थोड्या वेळाने म्हणाले, "बदलायचं ठरवलं होतं." मग त्यांनी तो विषय सोडून दिला. त्या दिवशी ते लवकर घरी गेले.

दोन महिन्यांनी काकी मुंबईला आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. लग्नानंतर वर्षभराने काका गेले, तेव्हापासून ती गावच्या घरी होती. सत्तरी उलटलेली, काटक, बोलायला तुटक. मुंबईत ती याआधी एकदाच आली होती, आणि आमच्या खोलीत ती तेव्हाही झोपली नव्हती, शेजारच्या बायकांकडे झोपली होती. आम्ही फोटोचं काहीच बोललो नाही. एक डोळा झाला, पट्टी निघाली, डॉक्टरांनी काळा चष्मा दिला. आठवड्याने ती दाराशी बसून तांदूळ निवडायला लागली तेव्हा आईने मला खूण केली. मी फोटो तिच्या हातात दिला.

काकीने चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा फोटोजवळ नेला.

आधी ती हसली. "ह्यो सदरो माझ्या बापाशीन दिलेलो. लग्नात," ती म्हणाली. "गळ्यात आवळता म्हणून तेंका कधी आवाडलो नाय."

मग तिने फोटो मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी झाकला. तिच्याकडेही त्यांचा फोटो नव्हता. लग्नात काढलाच नव्हता. पन्नास वर्षांच्या वर झाली होती.

"किती वर्सांचे आसत हे हय?"

"कार्डावर चोवीस लिहिलंय."

"पोरगोच की गो," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला नाही. मलाच उठून आत जावं लागलं.

संध्याकाळी तिने विचारलं, हे कुठे सापडलं. मी सगळं सांगितलं. हजेरी, तीन दिवस, टाइमकीपर. ती ऐकत होती. काका गेल्यावर गावात मृत्यूची नोंद करायची नाही असं भावकीने ठरवलं होतं, हे तिच्याकडून मला पहिल्यांदा कळलं. तेरावं झालं, तिचं कुंकू पुसलं, आणि कागदावर ती नवरा हयात असलेलीच राहिली. म्हणाली, "त्या माणसाक माका बघूचा आसा."

रविवारी मी तिला घेऊन गेले. ती जिना एकेक पायरी थांबून चढली. आजोबांना मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. ते नको म्हणाले नाहीत. आम्ही आत गेलो तेव्हा ते टेबलाला धरून उभे होते. हातात साचाखात्याचं ते मूळ हजेरीबुक होतं, उघडून ठेवलेलं.

"वहिनी," त्यांनी हात जोडले. "चूक माझी. पण तेव्हा त्या पोराच्या पोटाचा प्रश्न होता. गावच्या घराचा होता."

"ता माका कळता," काकी म्हणाली. "त्याच पगारार मी जेवलंय." ती खुर्चीवर बसली. "पण तुमी सगळ्यांनी मिळान ठरवल्यात. तुमी, मुकादमान, भावकेन, माझ्या दिरान. माका कोणी इचारूक नाय."

आजोबा टेबलाला धरून तसेच उभे राहिले, आणि शेवटी मीच त्यांना खांद्याला धरून बसवलं.

काकीने हजेरीबुक पुढे ओढलं. तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून त्या ओळीवर नेलं. हा आठवडा काकांचा. इथून ताप. हा ते गेले तो दिवस. पुढची खूण बाबांची. ती बोट त्या जागी ठेवून बसली. दोन खुणांमध्ये काहीच फरक नव्हता. शाई तीच, तिरकस रेघ तीच.

"हय मेल्याचा लिवा," ती म्हणाली.

मूळ पानावर लिहिता येणार नाही, असं मी तिला समजावलं. आजोबांनी खिशातलं पेन काढलं आणि वेगळ्या कागदावर लिहायला घेतलं. दोन कागद फुकट गेले. काका अमुक तिथीला वारले, मी त्या दिवशी त्यांना हजर दाखवलं, त्यानंतरची हजेरी त्यांच्या धाकट्या भावाची आहे. खाली सही. काकीला मी मोठ्याने वाचून दाखवलं. तिने अंगठा उमटवला, साक्षीदार म्हणून. मी तो कागद स्कॅन केला, सर्व्हरवर काकांच्या नोंदीला जोडला, शेऱ्याच्या रकान्यात मृत्यूची तिथी घातली.

मग एक नवी नोंद उघडली. बाबांचं नाव, गाव, खातं साचा, नंबर काकांचाच. सिस्टीमने हरकत घेतली, एक नंबर दोघांना चालणार नाही म्हणाली. तो नियम मीच घातला होता, मीच काढला. फोटोच्या जागी राखाडी चौकोन राहिला. बाबांचा मिलमधला फोटो कुठेच नाही.

आजोबा त्यानंतर चार-पाच रविवार आले, मग येणं कमी झालं. पाय चालत नाहीत म्हणायचे. मी घरी भेटायला गेले तर साचाखात्याच्या गोष्टी सोडून बाकी सगळं बोलायचे.

काकी महिनाभर राहिली. परत जाताना मी तिला लालबागहून सुटणाऱ्या गावच्या बसमध्ये बसवायला गेले. फोटो मी मोठा करून दिला होता, तो तिने लुगड्याच्या घडीत ठेवला होता. बस भरायला वेळ होता. मी तिच्याशेजारी बसले आणि फार दिवस मनात असलेलं विचारलं. बाबा दर चतुर्थीला, दिवाळीला गावच्या शेजाऱ्यांकडे फोन करायचे. काकीला बोलवायला सांगायचे. ती कधी फोनवर यायची नाही. आम्हाला वाटायचं तिचा बाबांवर राग आहे. बाबांनाही तसंच वाटायचं, तसंच समजत ते गेले.

"राग नाय गो," काकी म्हणाली. खिडकीतून ती खाली सामान चढवणाऱ्यांकडे बघत होती. "तुझ्या बापाशीचो आवाज ह्यांच्यासारखोच होतो. घराक इलो की तोंडावरची ती फाटलली भुवई तरी दिसा. फोनार नुसतो आवाज."

कंडक्टरने पोचवायला आलेल्यांना उतरायला सांगितलं. मी उतरले.